अब्बांची दाढ

माझे दुधाचे दात काळे होते. वरचे पुढचे तर झिजून हिरडीला टेकलेले नुसते खुंट राहिले होते, आणि मागच्या दाढांना अशी भोकं पडली होती की भाकरीचा घास त्यांत अडकून बसायचा. तालुक्याच्या गावी, पौडला, एस.टी. स्टँडच्या समोर आमचं किराणा मालाचं दुकान होतं. फळीवर काचेच्या बरण्या होत्या. लेमनच्या गोळ्या, पेपरमिंट, बडीशेपेच्या रंगीत गोळ्या. शाळा सुटली की मी दुकानात जाऊन तांदळाच्या पोत्यावर बसायची. अब्बा गिऱ्हाईक करता करता, मागे वळूनही न बघता, हात मागे करायचे. त्या हातात गोळी असायची. त्यांचं माझ्यावरचं प्रेम त्यांनी तोंडानं कधी सांगितलं नाही. ते असं मागे केलेल्या हातातून यायचं, आणि मी ते दिवसभर चघळायची.

सत्तरचं दशक अर्ध्यावर आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. मी तिसरीत होते. शाळेत सोमवारी नखं आणि दात बघायचे. गुरुजी हातात फूटपट्टी घेऊन रांगेतून फिरायचे आणि 'दात दाखवा' म्हणायचे. पोरं-पोरी माकडासारखे ओठ फाकवायची. माझ्यापाशी आले की गुरुजी थांबायचे. एकदा त्यांनी विचारलं, "काय गं, बापाच्या बरण्या तूच रिकाम्या करतीस का?" सगळा वर्ग हसला. गुरुजींनी ते दुष्टपणानं विचारलं नसेल, पण त्या दिवसापासून मी ओठ मिटून हसायला शिकले. घरी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं कसं? गोळ्या अब्बांच्या होत्या.

अब्बा भित्रे नव्हते, हे आधीच सांगायला हवं. दुकानात शेंगांच्या पोत्यामागे एकदा घोणस निघाली. गिऱ्हाइकं रस्त्यावर पळाली. अब्बांनी लुंगी खोचली, काठीनं तिचं डोकं दाबलं आणि तिला पोत्यात घालून नदीपलीकडं सोडून आले. बाजाराच्या दिवशी दारू पिऊन कुणी हातघाईवर आलं, तर लोक पोलिसांच्या आधी त्यांना हाक मारायचे. 'भाई, जरा या हो.' ते जाऊन मध्ये उभे राहिले की भांडण मिटायचं. माझ्या मनात त्यांच्याएवढा उंच माणूस गावात दुसरा नव्हता.

पण ते डाव्या बाजूनंच जेवायचे. उजवीकडची एक दाढ खराब होती. ती ठणकायला लागली की गालाखाली लवंग धरून गप्प बसायचे. अम्मा म्हणायची, "एकदा दाखवून या की." ते म्हणायचे, "थांबलंय आता." दाढेचा विषय निघाला की त्यांना दुकानात काहीतरी विसरल्याचं आठवायचं.

आमच्या घरात अब्बांची मोठी बहीण राहायची, माझी फुफी. ती सकाळ-संध्याकाळ चुलीपाशी बसून मिसरी लावायची आणि लावता लावता गोष्टी सांगायची. तिच्या गोष्टींत माणसं बरी कधी व्हायची नाहीत. कोळवणकडच्या कुठल्याशा बाईची दाढ काढली, तर रक्त थांबेना, लोटाभर रक्त गेलं. कुणाच्या जबड्याचं हाडच पकडीबरोबर बाहेर आलं. मी मिटक्या मारत ऐकायची आणि मग रात्री जिभेनं एकेक दात चाचपून बघायची. त्यात आणखी धाक. जेवायला नको म्हटलं, धाकट्या बहिणीला रडवलं, की फुफी म्हणायची, "गप ऱ्हा, न्हाईतर दातवाल्याकडं नेऊन बसवीन. पकडीनं एकेक उपटील." अम्माही कधी कधी तेच म्हणायची. तोवर मी दातांचा डॉक्टर पाहिला नव्हता. पण तो कसा दिसतो, त्याच्या हातात काय असतं, तो किती हसतो, हे सगळं मला ठाऊक होतं.

पावसाळा संपता संपता माझी खालची दाढ दुखायला लागली. आधी गोड खाल्लं की, मग गार पाणी प्याल्यावर, मग उगाचच. अम्मानं लवंग कुटून लावली, तुरटीच्या पाण्यानं चुळा भरायला लावल्या. फुफीनं चिमूटभर मिसरी दाबून बसवली, तर मला गरगरलं आणि उलटी झाली. गाल फुगला. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "हे इथलं काम न्हाई. पुण्याला दातांच्या डॉक्टरांकडं न्या." कोथरूडच्या पुढं कर्वे रस्त्याजवळ एक डॉक्टरीण बाई बसतात, लहान मुलांचं बघतात, असंही सांगितलं.

अम्माला तान्ही पोर टाकून जाता येईना. तिनं अब्बांना सांगितलं. अब्बा म्हणाले, "बाजार होऊ दे." बाजार झाला. मग म्हणाले, माल यायचा आहे. माल आला. मग म्हणाले, "सूज उतरल्यासारखी वाटतीया." सूज उतरली नव्हती. मला मात्र ते बरंच वाटत होतं. प्रत्येक वेळी त्यांनी काही कारण काढलं की मी सुटकेचा श्वास सोडायची. आम्ही दोघंही एकच गोष्ट टाळतोय, हे तेव्हा कळलं नाही. अब्बांना माझी दया येते, एवढंच वाटलं.

शेवटी एका सकाळी अम्मानं मला न्हाऊ घातलं, ईदचा फ्रॉक चढवला आणि दोघांना एस.टी.त बसवून दिलं. पिरंगुटपर्यंत अब्बा ओळखीच्या माणसांशी बोलत होते. भूगावच्या पुढे बोलणं थांबलं. माझा हात त्यांच्या हातात होता. त्यांचा तळवा इतका ओला झाला होता की माझी बोटं निसटत होती. मी त्यांच्याकडं बघितलं. ते खिडकीतून डोंगराकडं बघत होते. अब्बांचा हात ओला का, असा विचार माझ्या मनात आला. ज्या माणसानं घोणस पोत्यात भरली, त्याला घाम फुटतोय, तर तिथं काय असेल?

दवाखाना एका घराच्या पहिल्या मजल्यावर होता. आम्ही वर जाऊन दाराबाहेर चपला काढल्या. आत गेल्यावर पाहिलं, तर सगळे बुटा-चपलांसह बसले होते. परत जाऊन चपला घालणं बरं दिसेना. आम्ही अनवाणीच बाकावर बसलो. समोर इस्त्रीची पँट घातलेले एक गृहस्थ पेपर वाचत होते आणि त्यांच्या शेजारी माझ्याएवढा त्यांचा मुलगा पाय हलवत बसला होता. लवंगेच्या तेलाचा आणि स्पिरिटचा वास होता. आतल्या आणि बाहेरच्या खोलीच्या मध्ये नुसता हिरवा पडदा. पडद्याआडून घर्र असा आवाज यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. आवाज आला की अब्बा दाराकडं बघायचे.

आमचा नंबर आला. डॉक्टरीण बाई चाळिशीच्या, पांढऱ्या साडीवर पांढरा कोट घातलेल्या होत्या. त्यांनी मला खुर्चीत बसायला सांगितलं. मी अब्बांचा सदरा मुठीत धरून उभी राहिले. बाईंनी मला ओढलं नाही. अब्बांकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "घाबरलीय. असं करू या, आधी बाबांचे दात बघू. बाबा कसे शांत बसतात ते तिनं पाहिलं की ती बसेल. काही त्रास आहे का तुम्हाला?"

अब्बा म्हणाले, "मला न्हाई काई."

मी म्हणाले, "अब्बांची उजवीकडची दाढ दुखती."

डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "मग तर फारच छान."

अब्बा बसले. एका पोरीच्या बापानं त्या वेळी दुसरं काय करायचं? त्यांनी टोपी काढून माझ्या हातात दिली. बाईंनी त्यांच्या गळ्यात पांढरं फडकं बांधलं, खुर्ची मागं कलती केली आणि दिवा तोंडावर ओढला. अब्बांनी तोंड उघडलं. मी ते असं, आतून, दिव्याच्या उजेडात कधी पाहिलं नव्हतं. आरशानं बघून बाई म्हणाल्या, "बरीच किडलीय. थोडं साफ करून बघते हं. काही दुखणार नाही." आणि त्यांनी दोरीवर फिरणारं, दात कोरायचं ते यंत्र सुरू केलं.

ते दाताला लागलंसुद्धा नसेल. अब्बांनी बाईंचं मनगट धरलं. शेजारच्या तबकडीतला पाण्याचा पेला खाली पडून फुटला. अब्बा खुर्चीतून उठले, त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला, तसा आवाज मी माणसाच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला, आणि पडदा बाजूला सारून ते निघून गेले. जिन्यावर त्यांची अनवाणी पावलं वाजत खाली गेली.

मी टोपी धरून तिथंच उभी होते. बाहेरच्या खोलीत कुणीतरी दबक्या आवाजात हसलं. बहुतेक तो मुलगा. डॉक्टरीण बाई मनगट चोळत होत्या. त्यांनी मला सांगितलं, "काचेवर पाय देऊ नकोस. इकडून जा. आणि रस्ता एकटीनं ओलांडू नको, खालीच थांब, ते येतील."

मी बाहेर आले. बाकावरचे सगळे माझ्याकडं बघत होते. मी मान खाली घालून दारातून अब्बांच्या चपला उचलल्या, माझ्या चपला पायात घातल्या आणि जिना उतरले. लाज म्हणजे काय ते मला शाळेत कळलं होतं, असं मी समजत होते. शाळेतली लाज माझी होती. ही अब्बांची होती, आणि ती मला वाहून न्यावी लागत होती, एका हातात टोपी, दुसऱ्या हातात चपला. रस्त्यावरच्या लोकांना हा माणूस माझा कोण आहे ते कळू नये, असं वाटलं. असं वाटलं म्हणून पुन्हा लाज वाटली.

अब्बा कोपऱ्यावरच्या उसाच्या रसाच्या दुकानापाशी उभे होते. चपला बघून त्यांनी आपल्या पायांकडं पाहिलं. टोपी घातली. मग म्हणाले, "बाईंना आज वेळ न्हवता."

मी म्हणाले, "व्हय."

"रस पितीस?"

मी हो म्हटलं. त्यांना काहीतरी देता यावं म्हणून म्हटलं. बर्फाचा गार, गोड रस दाढेला लागला आणि मी भर रस्त्यात किंचाळले. अब्बांनी पेला माझ्या हातून घेतला आणि तो ओतून टाकता येईना, पिता येईना, तसाच हातात धरून उभे राहिले.

परतीच्या गाडीत चांदणी चौकापाशी एका म्हातारीनं अब्बांच्या खांद्याला हात लावला. "भाऊ, गळ्यात काय बांधलंय जनू?" ते पांढरं फडकं अजून त्यांच्या गळ्यात होतं. स्टँडवर, रस्त्यावर, रसाच्या दुकानात ते तसेच उभे होते आणि मीही काही बोलले नव्हते. खरं तर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. अब्बांनी ते सोडून सदऱ्याच्या खिशात कोंबलं. पौड येईपर्यंत त्यांनी माझा हात धरला नाही.

घरी त्यांनी अम्माला सांगितलं, डॉक्टरीण बाई गावाला गेल्यात. अम्मानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "कुलूप हुतं." कुलूप मी माझ्या पदरचं घातलं. दुसऱ्या दिवशी अम्मा कपडे धूत होती तेव्हा सदऱ्याच्या खिशातून ते फडकं निघालं. ती थोडा वेळ ते हातात धरून बसली. मग तिनं ते धुतलं, दोरीवर वाळत घातलं आणि संध्याकाळी घडी करून फळीवर ठेवलं. तिला कळलंय हे मला कळलं, अब्बांनाही कळलं असणार, कारण त्या आठवड्यात ते दुकानातच जेवले.

त्यानंतर माझी सूज वाढत गेली. ताप आला. गाल इतका वर चढला की डावा डोळा अर्धा मिटला. फुफी म्हणाली, "बघा, म्हनलं न्हवतं?" अम्मानं पहिल्यांदाच तिच्याकडं वळून सांगितलं, "आक्का, पोरीपुढं आता एक शब्द नको." मग ती अब्बांपाशी जाऊन हळू आवाजात बोलली. मी गोधडीत पडून ऐकत होते.

"उद्या मी नेते हिला. तुमी धाकटीला सांभाळा. बाटलीनं पाजा."

अब्बा म्हणाले, "मी नेतो."

"तुमी जाल आन तसंच परत याल."

मग अब्बा म्हणाले, "न्हाई येनार."

सकाळी त्यांनी फळीवरचं फडकं खिशात घातलं. गाडीत मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपले होते. तापात मला भीतीसुद्धा नीट वाटत नव्हती. पण तो जिना दिसला आणि वरून तो वास आला, तशी मी कठड्याला दोन्ही हातांनी धरून बसले. अब्बांनी मला उचलून वर नेलं. या वेळी चपला काढल्या नाहीत.

खोली भरलेली होती. अब्बा बसले नाहीत. मला कडेवर घेऊन सरळ पडद्यापाशी गेले. तो बाजूला सारला नाही, तिथंच उभं राहून म्हणाले, "बाई, त्या दिशी पेला फोडून पळून गेला, त्यो मीच. तुमचं हे फडकं आनलंय." डॉक्टरीण बाई पडदा बाजूला करून आल्या. माझा गाल बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "इतके दिवस का थांबलात?"

"मला भ्या वाटतं," अब्बा म्हणाले.

ते हळू बोलत होते, पण खोली लहान होती. सगळे ऐकत होते. मला वाटलं, त्यांनी आता थांबावं. ते थांबले नाहीत. एकदा तोंड उघडल्यावर त्यांना थांबता येईना.

म्हणाले, ते हिच्याएवढे असताना पौडच्या बाजारात एक दात काढणारा यायचा. चादर अंथरून बसायचा. चादरीवर काढलेल्या दातांचा ढीग असायचा, लोकांना दिसावा म्हणून. अब्बांची दाढ दुखत होती. त्यांच्या वडलांनी त्यांना गोळी देतो म्हणून बाजारात नेलं आणि त्या चादरीवर बसवलं. वडलांनी हात धरले, दुसरा कोण तरी पायांवर बसला. पहिल्यांदा चुकीचा दात निघाला. मग दुसऱ्यांदा पकड घातली. बाजार भरलेला होता, माणसं कोंडाळं करून बघत होती. "तिथंच चड्डी भिजली माझी," अब्बा म्हणाले. "लोक हसले. माझा बाप बी हसला. लई वर्सं पोरं मला बघून बोटांची पकड करून दाखवायची."

मी त्यांच्या खांद्यात तोंड खुपसलं होतं. मान वर केली असती तर बाकावरची माणसं दिसली असती. अब्बांचे कान लाल झाले होते आणि माझ्या गालाला ते गरम लागत होते. त्या वेळी मला त्यांची दया आली असती तर किती बरं झालं असतं. मला फक्त लाज वाटत होती. आपला बाप एवढ्या माणसांत स्वतःची चड्डी भिजल्याचं सांगतोय, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

डॉक्टरीण बाईंनी विचारलं, "हे हिला माहीत होतं?"

"न्हाई. हिच्या आईलाबी न्हाई."

"त्या दिवशी चूक माझी झाली," बाई म्हणाल्या. "तुम्हाला आधी बसवायला नको होतं. न विचारता बसवलं मी. आता तुम्ही आत येऊ नका. हिला मी एकटी घेते. तुमचा हात धरला की तुमच्या हातातलं सगळं तिला कळतं. पण जिना उतरून जाऊ नका. इथं पडद्यापाशी उभे राहा आणि बोलत राहा. तिला तुमचा आवाज यायला हवा."

"काय बोलू?"

"काहीही."

मी खुर्चीत बसले की मला बसवलं, ते आठवत नाही. बाईंनी मला तो लहान आरसा हातात दिला आणि आपलेच दात बघायला सांगितले. मी ओठ मिटले. त्या म्हणाल्या, "मी रोज असेच बघते. तुझ्याहून काळेसुद्धा." मग म्हणाल्या, "हे बघ, मी सुई टोचणार आहे. दुखेल. नंतर दाढ बधिर होईल, मग फक्त ओढल्यासारखं वाटेल. दुखलं की हात वर कर, मी थांबेन."

दुखणार नाही असं त्यांनी म्हटलं नाही, याचं मला नवल वाटलं. मी लगेच हात वर केला. अजून त्यांनी काही हातात घेतलंही नव्हतं. त्या थांबल्या. मी हात खाली घेतला. त्यांनी पिचकारी उचलली, मी पुन्हा हात वर केला. त्या पुन्हा थांबल्या. कितीदा मी तसं केलं कुणास ठाऊक. बाहेर माणसं खोळंबली होती, पण त्या दर वेळी थांबल्या.

पडद्याबाहेरून अब्बांचा आवाज येत होता. त्यांना काही सुचत नव्हतं. ते म्हणत होते, "मी हाय हितं. हितंच हाय. कुटं जात न्हाई. हाय बघ मी." थोडं थांबायचे आणि पुन्हा तेच. बाकावरच्या माणसांसमोर उभं राहून, पडद्याकडं तोंड करून, पौडचा तो उंच माणूस एकसारखं तेच म्हणत राहिला.

सुई लागली तेव्हा मी हात वर केला नाही, बाईंचं बोट चावले. चांगलं करकचून. त्यांनी 'आई गं' म्हटलं आणि हात झटकला. बोटावर माझ्या खुंटांचे व्रण उमटले होते. मला वाटलं, आता मारतील. त्या म्हणाल्या, "आता मलाच तुझ्या तोंडात बोट घालायची भीती वाटतेय. सांग, घालू का?" मी हो म्हणून मान हलवली. त्यांनी घातलं.

दाढ निघाली तेव्हा खरंच ओढल्यासारखंच वाटलं. त्याआधी घाण चवीचं खूप काही तोंडात आलं आणि मी ते थुंकत राहिले. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा तो ठणका थांबला. अब्बांना आत बोलावलं. ते माझ्याकडं न बघता आधी खुर्चीकडं बघत होते. बाईंनी विचारलं, "आणि तुमची दाढ? माझ्याकडे वेळ आहे. हवं तितकं थांबत थांबत करू."

अब्बांनी खाली बघून मान हलवली. "न्हाई बाई. पोरीचं झालं, बास झालं."

बाईंनी आग्रह केला नाही.

बाहेर आलो तेव्हा बाकावरच्या एका बाईनं अब्बांना बसायला जागा करून दिली. ते बसले नाहीत. कुणी हसलं नाही. पण कुणी हसत नाही याचासुद्धा मला त्रास होत होता. आपल्याबद्दल माणसं इतकी हळवी झालेली मला नको होती. मला लवकर जिना उतरायचा होता.

त्या दिवशी अब्बांनी जे केलं ते किती अवघड होतं, हे कळायला मला पुढं बरीच वर्षं लागली. तेव्हा मात्र मी त्यांच्यापासून जरा लांबच राहायला लागले. बाजारात कुणी पोरगं दोन बोटं एकमेकांवर आपटताना दिसलं की ते अब्बांनाच चिडवतंय असं वाटायचं. भांडण सोडवायला त्यांना हाक आली आणि ते मध्ये जाऊन उभे राहिले, की मला धाकधूक व्हायची. ह्या माणसांना कळलं तर? अब्बांना ते जाणवलं असणार. त्यांनी मागे हात करून गोळी देणं बंद केलं. डॉक्टरीण बाईंनी गोड बंद करायला सांगितलं होतंच, त्यामुळं कारण कुणी विचारलं नाही.

घरात मात्र एक बदल झाला. दातवाल्याचा धाक अम्मानं कायमचा बंद केला. फुफीनं एकदा धाकटीला तसं म्हटलं, तर अम्मानं चुलीवरचा तवा उतरवून ठेवला आणि म्हणाली, "दुसरं काईबी म्हना. बागुलबुवा म्हना. ह्ये न्हाई." फुफी चार दिवस फुगून बसली, मग तिनं त्या गोष्टी दुसऱ्या घरच्या बायकांना सांगायला सुरुवात केली.

ऐंशीचं दशक लागलं. मी दहावीत होते तेव्हा धाकटीची दाढ किडली. ती सात-आठ वर्षांची. तिला पुण्याला न्यायचं ठरलं, तेव्हा अब्बा आपण होऊन म्हणाले, "हिला थोरली घेऊन जाऊ दे. मी येत न्हाई. माझं तोंड बघूनच ती भ्याची." त्यांनी ते इतकं सरळ सांगितलं की अम्मानं लगेच मान डोलावली. मी मात्र ताटातच बघत राहिले.

डॉक्टरीण बाई तिथंच होत्या. केस पिकले होते, यंत्र नवं आलं होतं. त्यांनी मला ओळखलं नाही. मी ओळख दिली तेव्हा आपलं बोट वर करून दाखवलं आणि हसल्या. "वडील कसे आहेत?" "बरे आहेत," मी म्हणाले. दाढेबद्दल त्यांनी विचारलं नाही, आणि न विचारल्याबद्दल मला त्यांचे उपकार वाटले. धाकटी खुर्चीत जाऊन बसली, जणू एस.टी.त खिडकीची जागा मिळाली. हे काय, ते काय, हे कशानं फिरतं, असं विचारत राहिली. सुई टोचली तेव्हा रडली, पण ते दुखलं म्हणून रडणं होतं, त्यात दुसरं काही नव्हतं. माझे मात्र खुर्चीची पाठ धरलेले हात ओले झाले होते. तिला दिसू नयेत म्हणून मी ते ओढणीखाली घेतले.

पौडला उतरल्यावर ती धावत दुकानात गेली. दोन-तीन गिऱ्हाइकं उभी होती. अब्बा डाळ तोलत होते. ती तोंडात कापूस धरूनच बोबडं बोलली, "अब्बा, काई दुखत न्हाई तितं. सुई तेवढी टोचती. तुमी बी जावा, तुमची बी काढत्याल."

अब्बांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. एक गिऱ्हाईक हसून म्हणालं, "आयला, पोरगी धीट हाय की. मग कवा जाताय भाई?"

"जाऊ की," अब्बा म्हणाले.

ते हसले, पण उजवा गाल हलला नाही. मी पायरीवर उभी होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी नजर वळवली नाही. त्यांनी डाळीची पुडी बांधली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला काय पाहिजे म्हणून विचारलं. ते कधीच गेले नाहीत.